दागिने सोडवा, पण बाळंतपण पार पडल्यावर

प्रश्न : मी ३३ वर्षांचा, सातारा जिल्ह्यात तासिका तत्त्वावर संस्कृत शिकवतो, पौरोहित्यही करतो. सैन्यातल्या धर्मगुरू (पंडित) भरतीची लेखी परीक्षा, मुलाखत आणि मेडिकल झालं आहे. निवड झाली तर वयाच्या अटीमुळे हीच शेवटची संधी. पत्नी २८ वर्षांची, खासगी कंपनीत तीन वर्षं नोकरी, पगार ३४,०००. पहिलं बाळंतपण, एकविसावा आठवडा, बीपी वाढल्याने गोळ्या चालू. माझी साडेसहा टक्क्यांची ३,८०,००० ची एफडी आहे आणि दहा टक्क्यांचं २,१०,००० चं सोनेतारण कर्ज. जाण्याआधी दागिने सोडवावेत असं वाटतं. दगदग नको म्हणून पत्नीने राजीनामा द्यावा, असं घरचे म्हणतात. एजंट २८,००० हप्त्याची प्रसूती कव्हरवाली पॉलिसी घ्या म्हणतो. काय करावं?

उत्तर : निवड झाली तर जा, हे आधी सांगतो. नायब सुभेदार म्हणून रुजू होताना मूळ वेतन ३५,४०० आणि लष्करी सेवा वेतन ५,२००, आणि या दोन्हींवर महागाई भत्ता. शिवाय सेनादलांना अजून जुनीच पेन्शन आहे, १५ वर्षांच्या सेवेनंतर ती मिळते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला सुट्टीतलं मानधनसुद्धा मिळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि कामही मोलाचं आहे: दवाखान्यात पडलेल्या जवानाजवळ बसायचं, अंत्यविधी करायचे, कुटुंबांना धीर द्यायचा. दोन-चार महिन्यांच्या अडचणीपायी हे सोडू नका.

मात्र अडचण खरी आहे आणि ती नेमकी त्या दोन-चार महिन्यांचीच आहे. तुमच्या पत्नीला आणि बाळाला लष्करी रुग्णालयात मोफत उपचार मिळतील, पण ते निवड यादी लागल्या दिवसापासून नव्हे. तुम्ही रुजू व्हायचं, मग लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरने (सैन्यातल्या नोंदीच्या आदेशाने) व्हायची, आश्रितांचं कार्ड निघायचं, तेव्हा पुण्याच्या कमांड हॉस्पिटलचं दार उघडतं. बाळंतपण नेमकं या मधल्या काळात आलं, तर भरवसा दोनच गोष्टींचा: पत्नीच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी (कर्मचाऱ्यांचा सामूहिक आरोग्य विमा) आणि तुमची एफडी. घरात सध्या चर्चा आहे ती या दोन्ही एकदम हातच्या घालवण्याची.

राजीनामा अजिबात नको. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार पत्नीला २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. म्हणजे साधारण २,०४,००० रुपये. गरोदरपणामुळे आजारपण आलं किंवा बाळ वेळेआधी झालं, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी महिनाभर पगारी रजा मिळते. रजेच्या काळात कंपनी कामावरून काढू शकत नाही. विश्रांतीची गरज आहे हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन घरून काम मागावं, आजारपणाची रजा घ्यावी. राजीनामा दिला की पगार जातो आणि पॉलिसीही संपते.

आता दागिने. कंपनीच्या पाच लाखांच्या पॉलिसीत प्रसूतीची मर्यादा ६०,००० आहे आणि डॉक्टरांनी सिझेरियनचा अंदाज १,१०,००० दिलाय, असं तुम्ही पत्रासोबत कळवलंत. म्हणजे ५०,००० खिशातून. बीपी वाढलं तर बाळाला आधी बाहेर काढावं लागू शकतं आणि मग प्रश्न काचेच्या पेटीचा. तुमच्या हॉस्पिटलचा नवजात अतिदक्षता विभागाचा दर रोज १२,००० आहे. वीस दिवस धरले तर २,४०,०००. दागिने सोडवले तर हातात उरतात १,७०,००० आणि गरज २,९०,००० ची. एफडी तशीच ठेवली तर हा सगळा खर्च भागून ९०,००० उरतात. या निर्धास्तपणाची किंमत किती? कर्जावर महिन्याला १,७५० व्याज जातं, तेवढ्याच रकमेच्या एफडीवर ११३७ च्या आसपास मिळतं. फरक सव्वासहाशेच्या आत. सहा महिन्यांचे चार हजारही होत नाहीत. व्याज मात्र वेळेवर भरा आणि मुदत संपत असेल तर कर्जाचं नूतनीकरण करून घ्या, नाहीतर लिलावाची नोटीस येते.

बाळाच्या पेटीचा खर्च ६०,००० च्या मर्यादेत धरतात की पाच लाखांच्या पूर्ण विम्यात, हे पत्नीने एचआरकडून ईमेलवर विचारून घ्यावं. तोंडी उत्तर चालणार नाही. जन्मानंतर बाळाचं नाव किती दिवसांत कळवायचं आणि माहेरच्या गावातलं कोणतं हॉस्पिटल कॅशलेस यादीत आहे, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. बीपीसाठी प्रसूतीआधीच दाखल व्हावं लागलं तर तो खर्चसुद्धा अनेक कंपन्या प्रसूतीच्या मर्यादेत टाकतात.

एजंटची पॉलिसी घेऊ नका. प्रसूती कव्हरला प्रतीक्षा काळ असतो, आधीच राहिलेल्या गर्भाला ती लागू होत नाही. ते २८,००० घरकामाच्या बाईसाठी ठेवा. बीपीचा धोका बाळंतपणानंतरही सहा आठवडे असतो, तुम्ही तेव्हा प्रशिक्षणात असाल आणि पत्नीने एकटीने सगळं उरकू नये असं मला मनापासून वाटतं. आणि पैसे खरंच कमी पडले तर लाजू नका: जिल्हा रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन आणि आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत, महात्मा फुले योजनेचीही चौकशी करून ठेवा.

रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मिळेल का, हे पत्र हाती आल्यावर भरती कार्यालयाला लेखी विचारा, पण मिळेलच असं धरून हिशोब करू नका. पहिला पगार खात्यात पडेपर्यंतचा घरखर्चही वेगळा काढून ठेवा.

शेवटचं काम याच आठवड्यातलं. एफडी तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. प्रशिक्षणात फोन कधी हातात येईल सांगता येत नाही आणि रात्री दोनला हॉस्पिटलने डिपॉझिट भरायला सांगितलं तर पत्नी ती मोडू शकणार नाही. नुसतं तिचं नाव घालूनही भागत नाही, कारण मुदतीआधी मोडताना बँका बहुतेक वेळा दोघांच्याही सह्या मागतात. दीड लाख संयुक्त बचत खात्यात काढा, त्याचं एटीएम कार्ड पत्नीकडे द्या. उरलेल्या रकमेच्या पन्नास-पन्नास हजारांच्या संयुक्त पावत्या करा आणि दोघांपैकी कोणीही एकट्याने मुदतीआधी मोडू शकेल, अशी लेखी सूचना शाखेत देऊन तिची पोच घ्या.