‘मुलगा सिस्टर होणार, असं सांगू का लोकांना?’

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी दिलेल्या नीट परीक्षेतले मुलाचे मार्क (दुसऱ्या खेपेला २६८) तुम्ही एका ओळीत उरकलेत आणि दीड पान लिहिलंय ते पाहुण्यांवर. त्यानं तुम्हाला न विचारता बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीचा फॉर्म भरला, तुम्ही त्याला परीक्षेला जाऊ दिलं नाहीत, आणि आता तो तुमच्यासोबत जेवायला बसत नाही. ‘मुलगा सिस्टर होणार, असं सांगू का लोकांना?’ हे तुमचंच वाक्य. मला काळजी वाटते ती या वाक्याची, मार्कांची नाही.

कारण त्याच पत्रात मधेच तुम्ही हेही लिहिलंय: तुमच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला, अकरा दिवस दवाखान्यात आणि मग पाच महिने ते घरी अंथरुणावर होते. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायचं काम या मुलानं घेतलं, रात्री गजर लावून. नाकातल्या नळीतून पेज घालण्याआधी आजोबांना उशांना टेकवून बसवायचं, नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही, हे त्याला दवाखान्यातल्या एका ब्रदरनी, म्हणजे पुरुष नर्सनी, शिकवलं. पडून राहिल्यानं होणारी जखम शेवटपर्यंत पाठीला झाली नाही. ‘पहिल्यापासून सेवाभावी आहे’ एवढं म्हणून तुम्ही पुढे गेलात. अहो, याला नुसता सेवाभाव पुरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पाठ पाच महिने शाबूत ठेवणं चांगल्या चांगल्या वॉर्डांत जमत नाही.

‘डॉक्टरनं सांगायचं, नर्सनं करायचं, त्यात डोकं कुठे लागतं?’ असंही तुम्ही विचारलंय. साधं रक्त चढवायचं घ्या. पिशवीवरचा नंबर, रक्तगट, मुदत, पेशंटचं नाव दोघांनी मिळून तपासायचं. नाडी, बीपी, ताप लिहायचा. रक्त सुरू झाल्यावर पहिली १५ मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही. तेवढ्यात पेशंट म्हणतो, ‘सिस्टर, थंडी वाजतेय, कंबर दुखतेय.’ डॉक्टर तेव्हा कॅज्युअल्टीत असतात. रक्त त्या क्षणी बंद करायचं, नळीचा सेट बदलून सलाईननं शीर चालू ठेवायची, मग डॉक्टरांना फोन, आणि पिशवी तशीच्या तशी रक्तपेढीकडे. विचारत बसलात तर पेशंट हातचा जातो. बंद करायचा निर्णय खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसाचा असतो.

आता मुलालाही दोन गोष्टी सांगतो. आजोबा आपले होते. वॉर्डात वीस-पंचवीस परके असतात, त्यांतले काही शिव्या देतात, नातेवाईक अंगावर येतात. रात्रपाळी सणावारी चुकत नाही. सकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवून, निघायच्या वेळीच नवा पेशंट येतो आणि तास-दीड तास सहज जातो. खासगी दवाखान्यातला सुरुवातीचा पगार ऐकून बरेच जण हिरमुसतात. मुलांसाठी आणखी एक अडचण आहे: एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना, असं २०१९ मध्ये ठरलं. तुम्हाला काळजीच करायची असेल तर या जागांची करा.

रस्ता सरळ आहे: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी, सीईटी, चार वर्षं बीएस्सी नर्सिंग, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. जीएनएम हा तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमाही आहे, पण बीएस्सीला लागणारे विषय मुलाला जमत असताना मी बीएस्सीच सांगेन. नर्सिंगमधून पुढे डॉक्टर होता येतं का, असं विचारलंत. नाही. एमबीबीएसला पुन्हा नीटच द्यावी लागते. ही आशा मनात ठेवून त्याला नर्सिंगला पाठवणार असाल तर पाठवू नका, आणखी चार वर्षं तो नापास मुलासारखा घरात वावरेल.

तिसऱ्यांदा नीटच्या क्लासची फी भरायचा विचार मात्र आजच सोडा. त्याला ती परीक्षा द्यायची नाही, हे पत्रात तुम्हीच लिहिलंय.

त्या ब्रदरांचा नंबर मुलाकडे अजून असेल. तो मागून घ्या आणि त्यांना फोन तुम्ही करा. त्यांची ड्युटी संपल्यावर चहाला भेटा, त्यांना घरी काय ऐकावं लागलं होतं ते विचारा. जाताना मुलाला सोबत न्या.