हेरिटेज वॉकची आवड आणि पुरातत्त्वातील करिअर : वसईच्या एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. बारावी कला शाखेत शिकणारी आपली मुलगी गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी हेरिटेज वॉकला जाते. तिने वसईचा किल्ला अभ्यासकांसोबत पाहिला, बोरिवलीतील एकसरचे वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळा, पाहिल्या, जागतिक वारसा सप्ताहातील एका कार्यशाळेत जुनी खापरे हाताळली, आणि आता तिला पुरातत्त्वशास्त्रच शिकायचे आहे, असे आपण लिहिता. आपले प्रश्न दोन आहेत. या शिक्षणावर पोट भरेल का? आणि हडप्पा-मोहेंजोदडोचे समजू शकते, पण पाचशे-सातशे वर्षांपूर्वीच्या किंवा त्याहूनही अलीकडच्या काळात, ज्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत, त्यात पुरातत्त्वाचे काय काम?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर मी एकसरला गेलो होतो. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : तळाच्या चौकटीत लढाई आणि वीराचा मृत्यू, मग त्याचे स्वर्गारोहण, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि शेवटी कलश. एकसरच्या शिळांचे वेगळेपण असे की, त्यांतील काहींवर जमिनीवरच्या लढाईऐवजी वल्ही मारीत निघालेल्या जहाजांच्या रांगा कोरलेल्या आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती वल्ही इतकी स्पष्ट उठून दिसत होती की, एक विद्यार्थिनी बोट न लावता, हवेतच बोट फिरवून ती एकेक मोजत राहिली. तेराव्या शतकात कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात झालेल्या संघर्षाशी अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात. त्या राजांची नावे ग्रंथांत आणि ताम्रपटांत सापडतात. पण ती जहाजे कशी होती आणि त्यांवर माणसे कशी लढली, हे पाहायचे तर या दगडांपाशीच जावे लागते. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जाणारा मराठी शिलालेखही कोणत्या दप्तरात मिळालेला नाही. तो गावातील एका शिळेवर आहे.

अलीकडच्या काळाचेही तसेच आहे. मुंबईतील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली, आणि २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या परिसरात काम चालू असताना तिचे रूळ रस्त्याखाली सापडले. पुण्यात पेशवाईत कात्रजच्या तलावातून शहरातील हौदांपर्यंत पाणी आणणारी जी व्यवस्था उभारली गेली, तिचे भुयारी नळ आणि उच्छ्वास (नळांवर ठिकठिकाणी हवेसाठी बांधलेली उभी धुराडी) प्रत्यक्ष फिरून, मोजून, नकाशावर मांडल्याशिवाय कळत नाहीत. कायदाही फार लांब जात नाही : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार सर्वसाधारणपणे शंभर वर्षे जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातील वस्तूही त्यात बसू शकते.

आता मुलीविषयी. वॉक आणि कार्यशाळा यांना मी फार महत्त्व देतो, कारण एरवी बंद खोलीत राहणारे ज्ञान तेथे सर्वांना मोकळे होते. परंतु श्रोता म्हणून आवडणे वेगळे आणि काम म्हणून आवडणे वेगळे, आणि हा फरक तिने बारावीनंतरच्या पहिल्या वर्षातच तपासून पाहावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी तिने वसई तालुक्यातील चार-पाच गावे निवडावीत आणि तेथील प्रत्येक वीरगळ, गधेगाळ (शापवचनाची, गाढवाचे चित्र कोरलेली शिळा), जुना क्रूस, विहीर आणि हौद यांची नोंद करावी : जागा नेमकी कोठे आहे, लांबी-रुंदी-जाडी किती, छायाचित्रात शेजारी मोजपट्टी ठेवलेली आहे का, आणि गावातील लोक त्या वस्तूला काय म्हणतात. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. शेंदूर लावलेला दगड गावासाठी देव असतो, आणि ज्याला त्या घरच्या आजीची परवानगी घेऊन, चप्पल काढून, धीराने बोलता येते, त्यालाच त्या दगडाची माहिती मिळते. उन्हातले, कंटाळवाणे वाटू शकणारे हे काम वर्षभर केल्यावरही तिची ओढ टिकली, तर आपण निश्चिंत मनाने तिला पुढे पाठवावे.

एक गोष्ट मात्र तिला कडकपणे सांगावी. काहीही उकरायचे नाही आणि खापराचा तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. वस्तू जागेवरून हलली की तिचा निम्मा अर्थ जातो. शिवाय उत्खननासाठी शासनाचा परवाना लागतो, आणि जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे.

शिक्षणाचा मार्ग सरळ आहे. पदवी इतिहासात किंवा प्राचीन भारतीय संस्कृती या विषयात घ्यावी, पुढे एम. ए. साठी पुण्याचे डेक्कन कॉलेज, नागपूर विद्यापीठ किंवा बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे. मात्र मध्ययुगीन आणि आधुनिक काळात काम करायचे असेल, तर पदवीइतक्याच महत्त्वाच्या असतात भाषा आणि लिप्या. जुनी सरकारी कागदपत्रे जपणारे राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्ग घेते, तो पहिल्याच वर्षी करावा. आणि वसईच्या मुलीने पोर्तुगीज शिकावी, हा माझा आग्रह आहे. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. किल्ल्यातील थडग्यांवरचे लेख त्याच काळाचे आहेत, आणि पोर्तुगीज राजवटीची मोठी कागदपत्रे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचता येणारी आणि मैदानी कामाची सवय असलेली माणसे फार थोडी आहेत.

उत्पन्नाबाबत मी आपल्याला अंधारात ठेवणार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांतील पदे मोजकी आहेत, ती यूपीएससी, एमपीएससी यांसारख्या परीक्षांतून भरली जातात आणि जाहिरातीची वाट पाहावी लागते. यूजीसी-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे संशोधनवृत्ती आणि अध्यापन हा दुसरा रस्ता राहतो. वस्तुसंग्रहालये, वास्तुसंवर्धनाची कामे आणि स्थळांचे दस्तऐवजीकरण येथेही कामे मिळतात, परंतु त्यांतील अनेक ठरावीक मुदतीची असतात. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. ते नीट राखायचे तर नोंदी ठेवणारी आणि लोकांना समजावून सांगणारी प्रशिक्षित माणसे लागतील. तरीही तिशीपर्यंत उत्पन्न अस्थिर राहू शकते, हे गृहीत धरून घरची तयारी ठेवावी, आणि पदवीबरोबर नकाशे तयार करण्याचे संगणकीय तंत्र तिने शिकून घ्यावे, कारण ते इतर क्षेत्रांतही उपयोगी पडते.

परीक्षा झाल्यावर १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाच्या सुमारास तिने पहिले गाव निवडावे. त्या दिवशी आपणही तिच्याबरोबर जावे. मोजपट्टीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागतेच.

आपला,
करिअर मार्गदर्शक