अंगणात बार्बेक्यूसाठी पेलेट स्मोकर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की, नाशिकच्या बंगल्यापुढे थोडं अंगण आहे, अमेरिकेतला भाऊ पेलेट स्मोकर पाठवायला तयार आहे, तर मागवावा का. मी मखमलाबादकडे तीन वर्षं वापरतोय. महिन्यातून एकदा कबाब आणि कणसं भाजायची असतील तर कोळशाची शेगडीच बरी. चार-सहा तास मंद धुरात मांस शिजवायची हौस असेल तरच पुढे वाचा.

यंत्र सोपं आहे. तिफणीच्या चाड्यासारखा हॉपर, त्याखाली फिरणारा स्क्रू. तो लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या (पेलेट) थोड्या थोड्या आगीच्या वाटीत ढकलतो, पंखा हवा देतो, कंट्रोलर तापमान सांभाळतो. ऑरेगॉनच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात हे बाजारात आणलं.

अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं मलाही वाटलं होतं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. साधी एसी मोटर त्यामुळे सुमारे सहाव्या हिश्शाने हळू फिरते, गोळ्याही कमी पडतात. म्हणून डीसी मोटरचं (तिला फ्रिक्वेन्सीचा फरक पडत नाही) आणि पीआयडी कंट्रोलरचं, म्हणजे तापमान सतत मोजून गोळ्या आपोआप कमी-जास्त करणारं, मॉडेल बघा. पेटवताना तीनशेएक वॅट लागतात, नंतर फार नाही, त्यामुळे साइन वेव्ह इन्व्हर्टर जोडून ठेवा. मध्येच वीज गेली तर पंखा थांबतो आणि आग स्क्रूमधून मागे हॉपरकडे सरकू शकते.

खरी अडचण गोळ्यांची. बॉयलरसाठी मिळणाऱ्या स्वस्त गोळ्या घेऊ नका, त्यात फर्निचरचा डिंक-रंग लागलेला भुसाही असू शकतो. द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्यांचा मोह मलाही होतो, एप्रिलमध्ये बांधावर ढीगच असतात. पण त्यांच्यावर वर्षभर काय काय फवारलंय हे आपण नाशिककरांना वेगळं सांगायला नको. खाण्यासाठीच्याच गोळ्या मागवा आणि झाकणबंद डब्यात ठेवा. पहिल्या जुलैत मी हॉपर भरलेला ठेवला. दमट हवेने गोळ्या फुगून भुसा झाला, स्क्रू जाम, अख्खा रविवार स्क्रूड्रायव्हर घेऊन खरवडत बसलो (बायकोने त्या दिवशी पिठलं केलं). तेव्हा हॉपर खालून रिकामा करायची खिडकी आहे का, तेही बघा.

कोंबडी पूर्ण वेळ ११० अंश सेल्सियसवर ठेवली तर कातडी रबरासारखी होते. तासभर धूर द्या, मग २०० वर न्या. मांडीच्या आत ७४ अंश झाले की काढा. बोकडाच्या मांडीला चरबी कमी, म्हणून १२० वर ठेवून आत ७० च्या आसपास आली की तूप लावून फॉइलमध्ये गुंडाळा आणि ९३ पर्यंत जाऊ द्या. मध्ये मांसाचं तापमान तासभर हलत नाही. पाण्याची वाफ होत असते, आच वाढवू नका, झाकणही उघडू नका.


आणि हो, याचा धूर सौम्य असतो. तंदूरची चव अपेक्षित असेल तर भावाला दुसरं काहीतरी आणायला सांगा.