अठ्ठावन्न किलोंचा हट्ट

वजन कमी करायचे तर आहारतज्ज्ञाकडे जावे, व्यायामशाळेत जावे, समुपदेशकाकडे कशाला, असे पूर्वी लोक मला विचारत. आता फारसे कोणी विचारत नाही, कारण बहुतेक जण त्या दोन्ही वाटा चालून झाल्यावरच माझ्याकडे येतात. तक्रार जवळजवळ एकाच शब्दांत येते : ‘काय खायचं आणि काय नाही ते मला तोंडपाठ आहे, पण माझ्याच्याने होत नाही. माझ्यात निग्रहच नाही.’ त्यावर मी एवढेच विचारते, की किती दिवसांत किती किलो कमी करायचे ठरवले होते. ‘तीन महिन्यांत पंधरा’, ‘दिवाळीपर्यंत वीस’ अशी उत्तरे येतात आणि मग निग्रहाविषयी बोलण्याची घाई करावीशी वाटत नाही. आधी त्या आकड्याचीच चौकशी करावी लागते. हीच चिंता इतक्या वेळा समोर आली आहे की तिला एकदा सविस्तर उत्तर द्यावे, म्हणून पुढचा अनुभव लिहीत आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतले बोलणे थोडक्यात आणले आहे.

त्या बाई एका सहकारी बँकेत अधिकारी होत्या. वय ४४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७६ किलो. गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी ६.१ टक्के आली होती, म्हणजे मधुमेह नव्हता, पण त्याचा उंबरठा आला होता. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले होते. किती, ते सांगितले नव्हते. ते बाईंनीच ठरवले : वैशाखात पुतणीचे लग्न होते, तोपर्यंत, म्हणजे चार महिन्यांत, ५८ किलोंवर यायचे. याआधी दोनदा त्यांनी असाच प्रयत्न केला होता. सूप, काकडी आणि उकडलेल्या भाज्यांवर एका महिन्यात सहा किलो उतरवले होते आणि पुढच्या काही महिन्यांत आठ किलो परत आले होते. मधल्या काळात केस मूठमूठ गळाले ते वेगळेच.

“अठ्ठावन्नच का?” मी विचारले.

“लग्नात माझं वजन तेवढं होतं.”

“त्याला किती वर्षं झाली?”

“वीस.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “पण मॅडम, काही तरी ध्येय मोठं ठेवायलाच हवं ना? छोटं ठेवलं की माणूस ढिला पडतो.”

हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे आणि ते वरवर शहाणपणाचे वाटते, म्हणूनच त्याचा हिशेब मांडून पाहावा लागतो. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, हा बहुतेकांसाठी सुरक्षित मानलेला वेग आहे. आठवड्याला अर्धा किलो या वेगाने चार महिन्यांत साधारण आठ-साडेआठ किलो होतात, आणि तेसुद्धा मध्ये कोणी आजारी पडले नाही, मार्चअखेरीचे काम अंगावर आले नाही आणि घरात पाहुणे उतरले नाहीत तर. त्यातून वजन जसे उतरते तसे शरीर स्वतःचा खर्चही कमी करत जाते, त्यामुळे पहिल्या महिन्याचा वेग चौथ्या महिन्यात टिकत नाही. बाईंना हव्या असलेल्या अठरा किलोंचा अर्थ शरीराच्या जवळजवळ एक चतुर्थांश वजन असा होता. सूप-काकडीच्या पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली गेला, कारण यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपली आणि तिच्यासोबत धरून ठेवलेले पाणीही गेले. चरबी त्या मानाने थोडीच गेली होती. भात खाल्ल्यावर दोन दिवसांत दोन किलो वाढले म्हणून त्या रडल्या होत्या, पण ते पाणीच परत आले होते. फार वेगाने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मी त्यांना म्हणाले, “सहा महिन्यांत चार किलो कमी करू या.”

त्या हसल्या. “चार किलो? कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.”

“कोणाच्या लक्षात यायला हवं आहे?”

त्या गप्प राहिल्या, तेव्हा मीच म्हणाले, “लग्नातल्या पाहुण्यांच्या येणार नाही कदाचित. तुमच्या स्वादुपिंडाच्या येईल.”

हे केवळ धीर देण्यासाठी म्हटलेले नव्हते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ध्येय होते सात टक्के वजन कमी करण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे. सरासरी घट भरली ती साडेपाच किलोंच्या आसपास, पण तेवढ्यानेही मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. (हाही आकडा ५८ आहे हे बाईंनीच माझ्या लक्षात आणून दिले.) चेन्नईतल्या संशोधकांचा २००६ सालचा अभ्यास मला आपल्या लोकांसाठी अधिक बोलका वाटतो. तिथे वजनात फारसा फरक पडला नव्हता, तरीही खाण्यातल्या आणि हालचालीतल्या बदलाने मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. म्हणजे काटा हलण्याच्या आधीच शरीरात बरेच काही घडत असते, आणि ज्याचे सगळे लक्ष काट्यावर आहे तो नेमके तेच वाया गेले असे समजून सोडून देतो.

हे सगळे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन पुन्हा ५८ चा तक्ता केला. माहितीने माणसे सहसा बदलत नाहीत, हे मला ठाऊक असल्याने मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. मी ज्या परंपरेत शिकले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ विचारांची परंपरा. माणूस दुःखी होतो तो इच्छेमुळे नव्हे, तर इच्छेचा हट्ट झाल्यामुळे, असे ती सांगते. ‘माझे वजन कमी झाले तर मला आवडेल’ ही इच्छा झाली. ती बरोबर असते आणि माणसाला कामाला लावते. ‘माझे वजन ५८ व्हायलाच पाहिजे, नाही तर मी कसली’ हा हट्ट झाला. इच्छा अर्धी पुरी झाली तरी अर्धा आनंद मिळतो. हट्ट अर्धा पुरा होतच नाही. म्हणून तर एका शनिवारी सहकाऱ्याच्या वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाल्ल्यावर बाई संध्याकाळी घरी जाऊन वडे, श्रीखंड आणि रात्री उरलेला केकही खाऊन बसल्या होत्या : आजचा दिवस गेलाच आहे, आता सोमवारपासून. एका तुकड्याने त्यांचे काहीच बिघडले नसते. बिघडवले ते ‘गेलाच’ या निकालाने, आणि हा निकाल देणारा मनातला न्यायाधीश आकडा जितका मोठा तितका कडक होत जातो. छोटे ध्येय ठेवले की माणूस ढिला पडतो, हा समज मला म्हणूनच पटत नाही.

आकड्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तेव्हा मी आकड्याच्या मागे गेले. मी त्यांना विचारले, “अठ्ठावन्न किलो असताना तुम्हाला स्वतःविषयी काय वाटायचं?”

“काय वाटणार? छान होते मी तेव्हा.”

“हे आत्ता वाटतं. तेव्हा काय वाटायचं, ते आठवून पुढच्या वेळी सांगा.”

पुढच्या वेळी त्या कापडी पिशवीतून एक ब्लाउज घेऊन आल्या. लग्नातल्या पैठणीवरचा, गडद हिरवा, काठ अजून झळझळीत असलेला. पुतणीच्या लग्नात हाच घालता यावा, हे त्यांचे खरे ध्येय होते आणि ते त्यांनी तोपर्यंत मला सांगितले नव्हते. दर रविवारी त्या तो अंगावर चढवून पाहत आणि हूक किती अंतरावर राहिले ते मोजत. तो त्यांनी माझ्या टेबलावर पसरला आणि बाहीवर बोट ठेवले.

“मॅडम, या बाह्या बघा. कोपरापर्यंत आहेत. तेव्हा सगळ्या मुली आखूड बाह्या शिवायच्या. आईसुद्धा म्हणाली होती, लग्नाचं वय आहे, आखूड शिव. मी शिंप्याला सांगितलं, लांब घ्या, माझे दंड जाड दिसतात.”

मी काही बोलले नाही.

“म्हणजे तेव्हाही मी स्वतःला जाडच समजत होते. हा ब्लाउज अंगात बसावा म्हणून मी उपाशी राहते आहे, आणि हा शिवून घेतला त्या दिवशीही मी दंड लपवत होते.” मग बऱ्याच वेळाने, काहीशा रागाने, त्या म्हणाल्या, “मग अठ्ठावन्न झाल्यावर तरी मी काय करणार होते? पंचावन्नचा तक्ता?”

समुपदेशकाच्या आयुष्यात असे क्षण मागून मिळत नाहीत. शंभर वेळा समजावून जे पोचले नसते, ते त्यांनी स्वतःच्या कपाटातून शोधून आणले होते. माझे श्रेय असेल तर इतकेच, की प्रश्न योग्य जागी विचारला आणि नंतर गप्प बसता आले. नवख्या समुपदेशकांना हे दुसरे काम पहिल्यापेक्षा जड जाते, असे मी पाहते. त्या दिवशी मला जे अधिक स्पष्ट दिसले ते असे : स्वतःविषयीच्या नावडीतून ठरवलेला आकडा गाठला तरी नावड जागच्या जागी राहते आणि नवा आकडा मागते. त्यामुळे ध्येय वास्तव आहे की नाही, हे तपासताना मी आता फक्त किलो आणि आठवडे पाहत नाही. ते कोणाला दाखवण्यासाठी, कशापासून सुटण्यासाठी ठरवले आहे, हेही पाहते. शरीराची काळजी म्हणून ठरवलेले ध्येय सहसा आपोआपच लहान निघते, कारण काळजी घेणाऱ्याला घाई नसते.

त्यानंतरचे काम तुलनेने सोपे होते. आहारतज्ज्ञांच्या मदतीने बाईंनी जे ठरवले, ते सगळे त्यांच्या हातातले होते : रात्रीचे जेवण दहाऐवजी साडेआठला, दोन्ही जेवणांत वाटीभर उसळ, घट्ट वरण किंवा पिठले, बँकेतला चार वाजताचा फरसाण आठवड्यातून एकदाच, आणि आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाट्याने चालणे. गुरुवारचा आणि चतुर्थीचा उपवास त्यांना सोडायचा नव्हता. तो सोडायला मी सांगितलेही नाही, फक्त साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन ताटल्यांऐवजी वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि ताक असा बदल झाला. वजन आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी सकाळी पाहायचे, कारण मासिक पाळी, खारट जेवण, बद्धकोष्ठता अशा कारणांनी ते एक-दोन किलो खालीवर होतच असते आणि रोज काट्यावर उभे राहणारा माणूस त्या चढउतारालाच आपले चारित्र्य समजू लागतो. महिन्यातून एकदा कंबर मोजायची. भारतीय स्त्रियांसाठी कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषांसाठी ९० च्या आत असावा, असे आपल्याकडचे तज्ज्ञ सांगतात. पुण्यातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की आपल्यातली सडपातळ दिसणारी माणसेही आत चरबी बाळगून असू शकतात. म्हणून नुसत्या किलोंवर विसंबणे दोन्ही बाजूंनी फसवे आहे. लठ्ठ माणूस त्याने हताश होतो आणि बारीक माणूस निर्धास्त.

पुतणीच्या लग्नाच्या वेळी वजन ७१ होते आणि एचबीए१सी ५.८. पैठणीवर त्यांनी नवा ब्लाउज शिवला. लग्नात एका नातेवाईक बाईंनी “अगं, अजून तशीच की गं तू!” असे म्हटल्याचे त्यांनी मला हसत सांगितले, पूर्वी हे वाक्य त्यांना आठवडाभर पुरले असते. घरच्यांना माझी एक विनंती नेहमीची आहे. वजनावरची टिप्पणी, कौतुकाचीसुद्धा, थोडी आवरावी. ‘किती बारीक झालीस!’ हे ऐकलेल्या माणसाला अर्धा किलो वाढल्यावर त्याच घरात तोंड लपवावेसे वाटते. त्यापेक्षा संध्याकाळी सोबत चालायला जावे, जेवणाची वेळ सगळ्यांची एकच करावी. बाईंच्या यजमानांनी एवढेच केले आणि त्याचा उपयोग माझ्या बोलण्याइतकाच झाला असावा.

“आता पुढचं ध्येय किती?” त्यांनी शेवटच्या भेटीत विचारले. मी म्हटले, सहा महिने ७१. त्या थोड्या हिरमुसल्या, पण वजन टिकवून धरणे हे उतरवण्याइतकेच, किंबहुना अधिक कष्टाचे काम आहे आणि शरीराला नव्या वजनाची सवय होऊ देणे हासुद्धा आराखड्याचाच भाग असतो. त्यानंतर हवे तर आणखी तीन-चार किलोंचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येईल. हल्ली वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयीही मला विचारले जाते. ती कोणाला द्यावीत हा पूर्णपणे डॉक्टरांचा निर्णय आहे; पण औषधाने वजन उतरले तरी आकडा कुठून आला हा प्रश्न ज्याचा त्याला सोडवावाच लागतो, एवढे मी सांगू शकते.

वाढत्या वयातली मुले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, इन्सुलिन किंवा मानसिक आजारावरची औषधे घेणारे, थायरॉइडचा त्रास असणारे यांनी स्वतः आकडा ठरवून खाणे कमी करू नये. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे, चोरून खूप खाणे आणि मग दिवसदिवस उपाशी राहणे, असे काही होत असेल तर वजनाचे ध्येय बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. बाकीच्यांनी माझ्याकडे किंवा कोणाकडेही पहिल्यांदा जाताना अलीकडचे रक्ततपासणीचे अहवाल, मागच्या आठवड्यात प्रत्यक्षात काय आणि किती वाजता खाल्ले याची प्रामाणिक नोंद, आणि मनातला आकडा प्रथम कधी व कशावरून ठरला याचे दोन ओळींचे उत्तर लिहून न्यावे. तिसऱ्या कागदाला वेळ लागला तर लागू द्यावा.