भेकराची नको, बोकडाची घ्या: कवटी साफ करण्याबद्दल

तुम्ही लिहिलंत की रानात पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) कडेला शिंगांसकट भेकराची, म्हणजे त्या लहान हरणाची, कवटी दिसली, थोडं मांस अजून चिकटलेलं आहे, ती साफ करून हॉलमध्ये लावायची आहे, तर उकळावी की मातीत पुरावी?

आधी कडू ते सांगतो. ती लावता येणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंग, हाड, दात, कातडं हे सगळं 'ट्रॉफी'त मोडतं आणि जनावर आपणहून मेलेलं असलं तरी मालकी सरकारची. 'मी मारलं नाही, मला नुसतं मिळालं' हे तिथे चालत नाही. सांबराचं गळून पडलेलं शिंगही त्यातच आलं. अजून उचलली नसेल तर तिथेच राहू दे. घरी आणली असेल तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवायचं असतं, १९२६ या हेल्पलाइनवर फोन केलात तर पुढचं ते सांगतील. जुन्या घरांच्या ओटीवर सांबरशिंगं दिसतात ती गोष्ट वेगळी. त्यांना मालकीचा दाखला लागतो, २००३ साली नोंद करायला १८० दिवसांची मुदतही दिली होती. आज मिळालेल्या कवटीला तो रस्ता नाही.

पण हौस मारू नका. बोकडाची मुंडी घ्या. परदेशात शिकारी लोक हरणाची कवटी ज्या पद्धतीने साफ करतात तीच पद्धत इथे लागू पडते, फरक फक्त शिंगांचा. भेकराचं किंवा सांबराचं शिंग म्हणजे भरीव हाड, दरवर्षी गळतं. बोकडाच्या शिंगाला आत हाड आणि वर पोकळ खोळ असते. त्या खोळीनेच माझ्या पहिल्या दोन कवट्यांचा निकाल लावला, ते पुढे येईलच.

मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा: मुंडी अख्खी, न भाजता, न फोडता. नाहीतर तो सवयीने केस जाळून, भेजा काढायला मधोमध कोयता घालून देईल. आणि बोकड जून मागा. वर्षाच्या आतल्याचे कवटीचे सांधे नीट जुळलेले नसतात, शेवटी हातात हाडांची जुडी येते.

आता तुमचा मूळ प्रश्न, उकळू की पुरू? दोन्ही नको. दोन्ही मी करून बसलोय. पहिली परड्यात पुरली होती. पावसाळ्यानंतर काढली तर रंग कोऱ्या चहासारखा आणि नाकाची पातळ हाडं बेपत्ता. आपली कोकणातली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी, वर तिच्यात लोह. ती हाड खातेही आणि रंगवतेही, आणि तो डाग परत निघत नाही. दुसरी मागच्या चुलीवर उकळली. आई दोनदा डोकावून गेली, तिसऱ्यांदा म्हणाली, "काय रे, सकाळपासून मटणाचो वास येता, वाढूक मात्र काय नाय!" मांस सुटलं खरं, पण उकळल्याने चरबी हाडात मुरते, दात तडकतात. वर शिंगांच्या खोळी मी काढल्याच नव्हत्या. त्यांच्या आत अडकलेलं कुजत राहिलं आणि श्रावणात सगळ्या ओटीला वास. पुरलेल्या कवटीचंही तेच झालं होतं, फक्त कळलं उशिरा.

करायचं ते एवढंच, कुजू द्यायचं. कातडं, डोळे, जीभ, जबड्यावरचं जाड मांस सुरीने काढा. हातमोजे हवेतच, बोटाला चीर असेल तर तो दिवस सोडून द्या. मेंदू मागच्या भोकातून वाकवलेल्या तारेने ढवळून पाण्याच्या धारेने बाहेर काढा. मग रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, साधं विहिरीचं पाणी, त्यात कवटी आणि खालचा जबडा, वर झाकण आणि झाकणावर जांभ्याचा चिरा, म्हणजे जड दगड. चिरा विसरलात तर कुत्रं मुंडी शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवेल. थंड प्रदेशातल्या लोकांना पाणी गरम ठेवायला मत्स्यालयाचा हीटर लावावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बादलीतलं पाणी आपोआप तिशीच्या वर असतं, जिवाणूंना तेवढं पुरतं. दोनतीन आठवडे लागतात. चारपाच दिवसांनी निम्मं पाणी बदला, सगळं नाही, नाहीतर जिवाणूही वाहून जातात. काढलेलं पाणी माडाच्या आळ्यात ओता. वासाबद्दल खोटं बोलत नाही, भयंकर असतो. बादली घरापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा.

आठवड्याभरात खोळ सैल होते. पिळून ओढलीत की ती 'पक्' करून निघते आणि आतून जे बाहेर येतं ते पाहून दोन दिवस मटण नको वाटतं. ती घासून, धुऊन सावलीत वाळवायची, शेवटी परत बसवायची. पाणी बदलताना चहाची जुनी गाळणी धरा. पुढचे दात सुटून खाली बसलेले असतात. ते खालच्या जबड्याचेच, कारण बोकडाला, हरणासारखंच, वर पुढचे दात नसतात. खालच्या जबड्याचे दोन भाग सुटे झाले तर घाबरू नका, ते मुळात जुळलेलेच नसतात.

किड्यांकडून खाववून घेण्याचा प्रकारही आहे, संग्रहालयं करतात. हे भुंगेरे म्हणजे आपल्या सुक्या मासळीत केसाळ अळ्या करणाऱ्यांचेच भाऊबंद. ज्या घरात पावसाळ्यासाठी सुके बांगडे आणि सोडे भरून ठेवलेत तिथे ते मुद्दाम पाळायचे म्हणजे घरातलं माणूस तुम्हालाच बादलीत घालेल.

मांस गेलं की काम झालं असं वाटतं. खरं काम चरबीचं, आणि घाई होते ती इथेच. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून कवटी बुडवा, बादली उन्हात ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला. पाणी स्वच्छ राहायला लागलं की काढून चार दिवस सावलीत वाळवा. जबड्याच्या मागे, कवटीच्या तळाला पिवळट, तेलकट, अर्धपारदर्शक डाग दिसले तर पुन्हा बुडवा. ही पायरी टाळलेली कवटी पांढरी केली तरी दोन महिन्यांत परत पिवळी पडते आणि आषाढात तिच्यावर बुरशी चढते.

पांढरं करायला मेडिकलमधलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. कवटी बुडेल एवढं, एकदोन दिवस. तापवू नका, आणि डब्याचं झाकण घट्ट लावू नका, वायू कोंडून फुटतो. खोळी यात घालू नका, रंग उडतो. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घरात असेल आणि तुमच्या मनात येईल की हीच वापरू. नको. क्लोरीनने हाड आतून खचतं, वर्षभरात बोटाला भुकटी लागते.

कडक उन्हात वाळवू नका, दात चिरतात. पुरतं वाळल्यावर एक भाग फेविकॉल आणि दहा भाग पाणी असा पातळ हात ब्रशने फिरवा, सुटे दात त्याच गमाने बसवा. व्हार्निश काही दिवसांनी पिवळं पडतं. खोळी बसवण्याआधी पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. कशात गुंडाळलंय ते घरात सांगू नका.

शिमगा आटपला की सुरुवात केलीत तर मृगाच्या आत वाळून तयार होईल. पावसाळ्यात सुरू केलेली वाळतच नाही. टांगताना पावसाची झड घेणारी पश्चिमेची भिंत सोडा, आणि हूक पितळेचा घ्या. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत पहिल्याच वर्षी गंजतो आणि त्याचा ओघळ बरोब्बर कपाळावर उतरतो, माझ्या तिसऱ्या कवटीवर अजून आहे.