अमेरिकेच्या टीईडीएस डेटावरून (व्यसनाच्या उपचारासाठी दाखल झाल्याच्या सरकारी नोंदी) काउंटीनुसार नकाशा करता येईल का?

नाही, काउंटीचा कॉलमच नाहीये पब्लिक फाइलमध्ये, प्रायव्हसीसाठी तो देत नाहीत. राज्याचा कोड आहे (एसटीएफआयपीएस) आणि सीबीएसए म्हणजे मेट्रो एरियाचा कोड, पण त्यात -9 भरपूर दिसतील, म्हणजे माहिती नाही, ते शून्य समजून रंगवू नका. आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे ही मोजणी माणसांची नाही, अ‍ॅडमिशनची आहे, एकच जण वर्षात तीनदा दाखल झाला तर तीन ओळी, त्यात राज्याराज्यांचं रिपोर्टिंगही सारखं नसतं, त्यामुळे गडद रंग दिसला की तिथे व्यसन जास्त असं लगेच ठरवू नका, कदाचित तिथे फक्त नोंदी नीट होत असतील! व्यसनावर उपचार करणारी सेंटर कुठे आहेत एवढंच हवं असेल तर फाइंडट्रीटमेंट डॉट गव्हवर पत्ते मिळतात, ते जिओकोड करा, म्हणजे पत्त्यांवरून अक्षांश-रेखांश काढा.