हॅश जुळला पाहिजे : डिजिटल फॉरेन्सिकच्या प्रमाणपत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

डिजिटल फॉरेन्सिक म्हणजे संगणक, डिस्क, डीव्हीआर यांतला पुरावा शोधण्याचे आणि जपण्याचे काम. हॅश म्हणजे फाइलच्या किंवा डिस्कच्या मजकुरावरून काढलेला आकडा, मजकूर तसाच असेल तर तोच येतो. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागांतून या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. एकाच अर्थाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझे बीसीए गेल्या वर्षी झाले. एका क्लासवाल्यांनी ‘सीएचएफआय करा, सायबर पोलिसांत आणि कोर्टात थेट काम मिळेल’ असे सांगितले आहे. फी मोठी आहे, वडील सोसायटीतून कर्ज काढायला तयार आहेत. करू का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : वडिलांना इतक्यात सोसायटीत पाठवू नका.

सीएचएफआय (कॉम्प्युटर हॅकिंग फॉरेन्सिक इन्व्हेस्टिगेटर) हे ईसी-कौन्सिल या संस्थेचे प्रमाणपत्र आहे आणि ते खोटे नाही. परीक्षा ४ तासांची, १५० प्रश्न, सगळे बहुपर्यायी. उत्तीर्ण होण्याची रेषा प्रश्नसंचाप्रमाणे ६० ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान सरकते. परीक्षेला बसायचे तर अधिकृत प्रशिक्षण घ्यावे लागते, नाहीतर माहिती-सुरक्षेतला २ वर्षांचा अनुभव दाखवून अर्ज करावा लागतो. त्या अर्जाचे १०० डॉलर परत मिळत नाहीत. खर्च तिथेच संपतही नाही. प्रमाणपत्र ३ वर्षांचे असते, त्या काळात पुढच्या शिक्षणाचे १२० क्रेडिट जमवायचे आणि दरवर्षी ८० डॉलर सदस्यत्व भरायचे. क्लासच्या पत्रकात हा आकडा सहसा छापलेला नसतो.

‘थेट काम’ मात्र साफ चुकीचे. सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यातले पद किंवा बेळगावच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले पद सरकारी भरतीतूनच भरले जाते आणि तिथे आधी पदवी पाहतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ए खाली केंद्र सरकार ‘इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे परीक्षक’ जाहीर करते, तेही सरकारी विभाग, संस्था किंवा यंत्रणा असतात. परीक्षा पास झालेली एकटीदुकटी व्यक्ती त्या यादीत येत नाही. सीएचएफआयला विचारणारे लोक आहेत ते बेंगळुरू-पुण्याच्या खासगी कंपन्यांत, घटना-तपास आणि ऑडिटच्या कामाला. त्यांनाही सोबत हाताला काम येणे लागते.

तुमच्या जागी आधी धारवाडचा विचार करावा. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे संकुल तिथे आहे आणि या विद्यापीठात सायबर व डिजिटल फॉरेन्सिकचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. कुठला अभ्यासक्रम कुठल्या संकुलात आणि बीसीएला प्रवेश कशात, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. दोन वर्षे जातील, पण सरकारी भरतीत ती पदवी मोजली जाते.

तरी क्लासच करायचा असेल तर फी भरण्यापूर्वी लेखी विचारा : परीक्षेचे व्हाउचर फीमध्ये आहे का, त्याची मुदत किती, आणि क्लास अधिकृत प्रशिक्षण केंद्र आहे का. तोंडी उत्तर धरू नका.

आणि त्याआधी स्वतःची एक परीक्षा घ्या, ती फुकट आहे. एखाद्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या (विभाजनांची नोंद पहिल्याच सेक्टरमध्ये ठेवणाऱ्या) डिस्कच्या इमेजचा, म्हणजे बाइटन् बाइट प्रतीचा, पहिला सेक्टर हेक्स एडिटरमध्ये उघडा. ५१२ बाइट, शेवटी ५५ एए. विभाजनांची नोंद ४४६व्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) सुरू होते, १६-१६ बाइटच्या चार ओळी. पहिल्या ओळीत ४५४व्या बाइटपासून चार बाइट वाचा. बहुधा ०० ०८ ०० ०० दिसेल. ते उलट्या क्रमाने वाचायचे : ०००००८००, म्हणजे दशमानात २०४८. विभाजन २०४८व्या सेक्टरला सुरू होते. गुणिले ५१२ केले की १०,४८,५७६ बाइट, बरोबर एक मेबीबाइट. हे करताना कंटाळा आला तर कर्ज काढू नका. मजा वाटली तर पुढे बोलू.

प्रश्न : घरी सराव म्हणून १६ जीबी पेनड्राइव्हची एफटीके इमेजर या सॉफ्टवेअरने इमेज केली. दुसऱ्या दिवशी तीच पेनड्राइव्ह पुन्हा केली तर हॅश वेगळा. मधे एकही फाइल उघडली नाही. शिवाय इमेज फाइलचा हॅश विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने काढला तर तिसराच आकडा आला. सॉफ्टवेअर बिघडले का? आमच्याकडे पावसाळ्यात लाईटही सारखी जाते, त्याने काही होते का?
– एक वाचिका, खानापूर

उत्तर : सॉफ्टवेअर ठीक आहे. तुम्ही फाइल उघडली नाही, पण विंडोजने पेनड्राइव्हवर लिहिले.

पेनड्राइव्ह खोचली की विंडोज तिच्यावर ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हा लपलेला फोल्डर तयार करते आणि त्यात ‘डब्ल्यूपीसेटिंग्ज डॅट’ आणि ‘इंडेक्सर व्हॉल्यूम जीयूआयडी’ अशा दोन चिमुकल्या फाइली टाकते. लपलेल्या फाइली दाखवा म्हटले की दिसतील, त्यांची वेळही पाहून घ्या. एक बिट बदलला तरी सगळा हॅश बदलतो, इथे तर फाइली लिहिल्या गेल्या. प्रत्यक्ष प्रकरणात हेच झाले असते तर आरोपीच्या वकिलाला दुसरे काही विचारावेच लागले नसते.

उपाय म्हणजे राइट-ब्लॉकर, डिस्कवर काही लिहू न देणारा अडसर. हार्डवेअरचा महाग असतो, सरावाला दोन स्वस्त वाटा आहेत. पहिली, केन नावाचे लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करायचे. ते जोडलेली प्रत्येक डिस्क आपणहून केवळ वाचण्यापुरती उघडते. दुसरी, विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘स्टोरेज डिव्हाइस पॉलिसीज’ या कीखाली ‘राइट प्रोटेक्ट’ची किंमत १ करायची. ती की मुळात नसते, तयार करावी लागते, आणि पेनड्राइव्ह खोचण्याआधी करावी लागते. आधी खोचून मग की केली तर काही उपयोग नाही. शिवाय ही सोय यूएसबीने जोडलेल्या डिस्कपुरतीच. रिकाम्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून पाहा. ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणून नकार आला तरच पुढे जा आणि तो नकारही वहीत लिहा.

आता तिसरा आकडा. एफटीके इमेजर ई०१ प्रकारात इमेज करतो तेव्हा डिस्कवरचा मजकूर तसाच्या तसा ठेवत नाही. वर प्रकरण क्रमांक, तपासणाऱ्याचे नाव यांचा मथळा घालतो, मजकूर दाबतो, मधेमधे तपासणीचे आकडे पेरतो आणि ठरावीक आकाराचे, साधारण १५०० एमबीचे, तुकडे पाडतो. सर्टयुटिल त्या पार्सलचा हॅश काढते, आतल्या मालाचा नाही. जुळवायचा तो आतल्या मालाचा : इमेजसोबत तयार होणाऱ्या मजकूर फाइलमधले एमडी५ आणि शा-१ या दोन पद्धतींचे हॅश, आणि त्यापुढे ‘मॅच’. त्यासाठी इमेज सुरू करताना ‘तयार झाल्यावर पडताळा’ या चौकोनात खूण असायला हवी. पडताळा वगळला की वेळ निम्मा वाचतो, म्हणून बरेच जण ती खूण काढतात. तसे करू नका.

पेनड्राइव्हऐवजी एसएसडी घेतली तर आणखी एक अडचण येते. ट्रिम (हे भाग आता नकोत, ही विंडोजची सूचना) मिळाली की पुसलेले भाग डिस्क आतल्या आत साफ करते. राइट-ब्लॉकर बाहेरून येणारे लेखन अडवतो, डिस्कच्या आतली ही झाडलोट त्याला थांबवता येत नाही. त्यामुळे एसएसडीचा दुसरा हॅश वेगळा आला तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, पण तसे का झाले ते वहीत लिहा.

लाईटचे म्हणाल तर सगळ्यात नासाडी तिथेच होते. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचायला पावणेतीन तास आणि पडताळ्याला जवळपास तितकाच वेळ. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून लोक निर्धास्त बसतात. पण साडेतीन इंची डिस्कच्या डॉकला वेगळा अडॅप्टर लागतो. हेस्कॉमची लाईट गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि डिस्क बंद पडते. अर्धवट इमेज टाकून देऊन पहिल्यापासून करावी लागते. डॉकच यूपीएसवर जोडा, लॅपटॉप राहिला तरी चालेल. अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते, तिला ही भीती नाही.

प्रश्न : मी डेस्कटॉप सपोर्टमध्ये पाच वर्षे आहे, पुण्याची एक कंपनी जीसीएफई असेल तर घेऊ म्हणते. परीक्षा ‘ओपन बुक’ आहे असे कळले. मग अवघड काय?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : जीसीएफई हे जीआयएसी या संस्थेचे विंडोज तपासणीचे प्रमाणपत्र. त्यात अवघड घड्याळ आहे. ८२ प्रश्न, ३ तास, ७० टक्के. एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटेही येत नाहीत आणि पुस्तक म्हणजे छापील कागद, संगणकावरची फाइल चालत नाही. त्यामुळे स्वतः केलेली सूची हाच अभ्यास. ‘शेलबॅग्ज’ या शब्दासमोर पुस्तक क्रमांक, पान आणि चार शब्दांत अर्थ (‘यूजरक्लास डॅट, उघडलेले फोल्डर’) असे लिहा. नुसते पान लिहिलेत तर उलगडत बसाल. सूची दुसऱ्याची उतरवून घेऊ नका. ज्याने ती केली त्याच्या डोक्यातले शब्द तुमच्या डोक्यात नसतात.

जीआयएसीच्या नोंदणीबरोबर दोन सराव परीक्षा मिळतात आणि परीक्षा देण्यासाठी १२० दिवस. पहिली सराव परीक्षा सूची अर्धी झाल्यावर द्या, दुसरी शेवटच्या आठवड्यात. प्रमाणपत्राचे नूतनीकरण दर ४ वर्षांनी करावे लागते. अधिकृत प्रशिक्षणाचा खर्च कित्येक लाखांत जातो, म्हणून कंपनी भरत असेल तरच तो घ्या. तसे पत्र आधी मागा.

सपोर्टमधून आलेली माणसे हमखास घसरतात ती वेळेवर. विंडोजच्या डिस्कवरची एनटीएफएस पद्धत फाइलची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते, फॅट पद्धतीची पेनड्राइव्ह स्थानिक वेळ ठेवते. फाइलची नोंद ३१ मार्च, १९:१० यूटीसी असेल तर आपल्याकडे ती १ एप्रिल, रात्री १२:४० होते. बिलाच्या प्रकरणात हा फरक म्हणजे आर्थिक वर्षच बदलले. अहवालात प्रत्येक वेळेपुढे यूटीसी की भारतीय वेळ ते लिहायची सवय आतापासून लावा.

प्रश्न : माझे सीसीटीव्हीचे दुकान आहे. पोलीस डीव्हीआरमधले फुटेज काढायला बोलावतात आणि ‘कलम ६३ च्या सर्टिफिकेटवर सही करा’ म्हणतात. माझ्याकडे कसलेच प्रमाणपत्र नाही. करावी का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : कुठल्या भागावर सही मागतात ते आधी वाचा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि कलम ६३ च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’वर ज्याच्या ताब्यात डीव्हीआर आहे त्याने, म्हणजे त्या दुकानाच्या किंवा घराच्या मालकाने सही करायची. ती तुमची नाही. भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. तज्ज्ञाकडे अमुकच परीक्षेचे प्रमाणपत्र हवे असे कलमात लिहिलेले नाही, पण सही केली की उलटतपासणीला तुम्हीच उभे राहणार. दोन्ही भागांत हॅशचा आकडा आणि पद्धत (शा-१, शा-२५६, एमडी५ किंवा इतर) लिहावी लागते. हॅश तुम्ही स्वतः काढला नसेल तर सही करू नका.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचे ते जालन्याच्या खटल्यावरून कळते. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज दुपारी ३ नंतर घेतला गेला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरण न आणता प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवेच. तेव्हा जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६५बी होते.

आता काम. डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत घ्या. आपल्याकडचे डीव्हीआर दहा-पंधरा मिनिटे पुढेमागे असणे नेहमीचेच, तो फरक महजरमध्ये (पंचनाम्यात) लिहायला सांगा. डीव्हीआरचे घड्याळ मात्र नीट करू नका, ते तसेच राहू द्या. फुटेज मूळ प्रकारात आणि सोबत त्याचा प्लेयर घ्या, पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रीकरण देऊ नका. फाइल घेतल्या घेतल्या जागेवरच हॅश काढा.

डिस्क काढून विंडोजला लावायची चूक पुष्कळ जण करतात. डीव्हीआरची रचना विंडोजला ओळखता येत नाही, ते विचारते : डिस्क ‘इनिशियलाइझ’ करायची का? तिथे ‘ओके’ दाबले की डिस्कच्या सुरुवातीला नवे लिहिले जाते. दाबू नका, डिस्क काढा.

आणि उशीर करू नका. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट धरले तर दिवसाला साधारण ८६ जीबी. १ टीबीची डिस्क बाराव्या दिवशी जुन्यावर नवे लिहू लागते.

प्रश्न : कन्नड नीट येत नाही. परीक्षेला अडचण येईल का? आणि माझ्या एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर नाव आद्याक्षरासह आहे, आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण आहे.
– एक वाचिका, बेळगाव

उत्तर : वर लिहिलेल्या दोन्ही परीक्षा इंग्रजीत देता येतात, तिथे कन्नडचा संबंध नाही. कामाला लागल्यावर मात्र येतो. महजर आणि ठाण्यातले कागद कन्नडमध्ये असतात, ते वाचल्याशिवाय तुम्हाला सील तपासता येणार नाही. किमान अंक, तारीख, ‘मुद्देमाल’ यांचे शब्द आणि सही कोणाची ते वाचता आले पाहिजे.

नावाचे आधीच निस्तरा. परीक्षेच्या नोंदणीतले नाव आणि त्या दिवशी दाखवायचे छायाचित्राचे ओळखपत्र अक्षरशः जुळावे लागते. मार्क्स कार्ड तिथे कोणी पाहत नाही. पासपोर्ट असेल तर त्यावरचे नाव जसेच्या तसे नोंदवा. नसेल तर आधी तो काढा, आणि परीक्षेच्या नोंदणीचे खाते त्यानंतरच उघडा. प्रमाणपत्रावर छापून आलेले नाव नंतर बदलून घ्यायला पत्रव्यवहार करावा लागतो.